सीटखालची फूटभर रिकामी जागा

“हेलिकॉप्टर कोसळलं तर सीट माणसाला खरंच वाचवू शकते का? मग ती इतकी भक्कम का करत नाहीत की वाकणारच नाही? आणि वर जाडजूड फोम का घालत नाहीत?” मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने हे तीन प्रश्न विचारले आहेत. त्याला याच विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे. लष्करी हेलिकॉप्टरच्या सीट आणि त्यांच्या ड्रॉप टेस्ट, म्हणजे सीट उंचावरून टाकून घेतलेल्या चाचण्या, यांत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली, म्हणून जरा बैजवार लिहितो.

पहिल्याचं उत्तर हो. बाकीच्या दोन प्रश्नांत सुचवलेले उपाय मात्र माणसाचा मणका मोडतात. ते का, हे एकदा नीट कळलं की या सीटचं निम्मं डिझाइन कळलं.

आधी हेलिकॉप्टरच का ते सांगतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला इजेक्शन सीट असते, तो विमान सोडून बाहेर पडू शकतो. हेलिकॉप्टरमध्ये डोक्यावर रोटर फिरत असतो. रशियाच्या का-५० आणि का-५२ मध्ये आधी रोटरची पाती स्फोटकांनी उडवून मग वैमानिकाला रॉकेटने वर ओढून काढायची सोय आहे, पण ते अपवाद. बाकी सगळ्यांना यंत्राबरोबरच जमिनीवर यायचं असतं. कमी उंचीवर इंजिन गेलं, ऑटोरोटेशनचा, म्हणजे इंजिनाशिवाय फिरत्या रोटरवर सावकाश उतरण्याचा, अंदाज चुकला की हेलिकॉप्टर बऱ्याचदा पोटावर, जवळजवळ सरळ खाली आपटतं. म्हणजे धक्का खालून येतो आणि बसलेल्या माणसाच्या कण्यातून वर चढतो. शरीर धक्का सोसतं, पण छातीच्या दिशेपेक्षा या दिशेने बरंच कमी सोसतं.

छातीच्या दिशेने माणूस किती सोसतो हे अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेट स्लेडवर, म्हणजे रुळांवरून रॉकेटने धावणाऱ्या गाडीवर, ताशी १,००० किलोमीटरहून अधिक वेगावरून ते सुमारे १.४ सेकंदांत थांबले. कमाल मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, ४६.२ जी होतं; एक जी म्हणजे आपल्या वजनाएवढा भार. डोळ्यांत रक्त उतरलं, पण ते वाचले आणि पुन्हा दिसायलाही लागलं. हाच भार कण्याच्या दिशेने आला असता तर कंबरेच्या वरचे मणके चुरडले गेले असते. १९५९ मध्ये आयबँड यांनी नासासाठी तोवरची सगळी माहिती गोळा करून कोणत्या दिशेने किती जी किती वेळ सोसवतात याचे आलेख काढले. आमच्या क्षेत्रात ते आजही समोर ठेवले जातात. सीटने माणसाला सुमारे १४.५ जीच्या वर जाऊ देऊ नये, हा डिझाइनचा जुना आकडा त्याच परंपरेतून आला आहे.

आता वेगाचं बघा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने हेलिकॉप्टरच्या अपघातांचा बारकाईने अभ्यास केला. १९६७ मध्ये अपघातातून बचावासाठीची पहिली डिझाइन मार्गदर्शिका आली, १९७१ मध्ये वैमानिकाच्या सीटसाठी मिल-एस-५८०९५ हे मानक आणि १९७४ मध्ये संपूर्ण हेलिकॉप्टरसाठी मिल-स्टँडर्ड-१२९०. ब्लॅक हॉक आणि अपाची ही हेलिकॉप्टरं याच विचारातून घडली. या मानकात उभ्या दिशेचा डिझाइन वेग ठरला सेकंदाला ४२ फूट, म्हणजे १२.८ मीटर. वाचण्याजोग्या अपघातांपैकी ९५ टक्के या वेगाच्या आत येतात, असा त्यामागचा हिशोब. ‘वाचण्याजोगा’ म्हणजे ज्यात केबिनमधली जागा शिल्लक राहते आणि धक्का शरीराच्या सोसण्याच्या आत ठेवता येतो असा अपघात. ताशी ४६ किलोमीटर म्हटलं की वेग फारसा वाटत नाही. पण आठ मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पडलात तर जमिनीला टेकताना तुमचा वेग एवढाच असतो.

हा वेग शून्यावर आणायला किती अंतर लागतं ते स्वतः काढून बघा. वेगाच्या वर्गाचं निम्मं केलं की एका किलोमागे ८२ जूल येतात. तेवढी ऊर्जा १५ सेंटीमीटरमध्ये जिरवायची झाली तर सरासरी ५५ जीहून जास्त भार येतो. तोच १४.५ जीवर रोखायचा तर त्यातला एक जी माणसाचं स्वतःचं वजन पेलण्यात जातो हे धरून साधारण ६२ सेंटीमीटर लागतात. सगळं डिझाइन या ६२ सेंटीमीटरभोवती फिरतं. कितीही भारी धातू आणा, कितीही पैसे ओता, हे अंतर कमी होत नाही.

म्हणून भक्कम सीटचा विचार सोडा. न वाकणारी सीट म्हणजे माणूस थेट जमिनीशी जोडला गेला. सीट तुटून माणूस फेकला जाऊ नये एवढी ती मजबूत हवीच, पण उभ्या दिशेने तिने ठरलेल्या बलाला खाली सरकायला सुरुवात केली पाहिजे आणि सरकताना तेच बल शेवटपर्यंत टिकवलं पाहिजे. या सरकण्याला आम्ही स्ट्रोक म्हणतो. मानकाने किमान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर स्ट्रोक मागितला आहे. उरलेलं अंतर लँडिंग गिअर आणि पोटाखालचा सांगाडा चेपून देतो.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. सेकंदाला २० फूट वेगाने आपटलं तरी सांगाडा जमिनीला लागू नये इतकी लँडिंग गिअरची क्षमता हवी, असं १२९० सांगतं. वीस म्हणजे बेचाळीसच्या जवळपास निम्मे, तेव्हा निम्मं काम गिअरनेच केलं असं वाटतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून गिअरच्या वाट्याला पाव भागही येत नाही. शिवाय पाण्यावर किंवा चिखलात पडलं तर गिअर जवळजवळ काहीच करत नाही, तो सरळ आत घुसतो. तेव्हा सगळा भार पोटाचा पत्रा आणि सीट यांच्यावर.

सीट सरकते कशी? बसायचा खोलगट भाग, म्हणजे बादली, दोन उभ्या नळ्यांवर घसरत्या बेअरिंगने बसवलेली असते आणि बादली व चौकट यांच्यामध्ये ऊर्जाशोषक असतो. शोषकाचे प्रकार बरेच आहेत. एकात पोलादी तार रूळांमधून ओढली जाते, तिला वाकायला आणि परत सरळ व्हायला लागतं, त्यात ऊर्जा जिरते. दुसऱ्यात धातूची नळी मोजा उलटा करावा तशी आतून बाहेर उलटत जाते. तिसऱ्यात नळी घडी पडत चेपते. या सगळ्यांत धातू कायमचा वाकतो, म्हणून शोषक एकदाच कामाला येतो. स्प्रिंग चालत नाही, कारण ती घेतलेली ऊर्जा परत देते आणि माणसाला वर फेकते. साधा तेलाचा डॅम्पर वेगाप्रमाणे बल बदलतो, त्यामुळे नेमका सुरुवातीला, वेग सर्वांत जास्त असताना, तो सर्वांत कडक होतो. आम्हाला बल आणि अंतर यांच्या आलेखात हवा असतो आयत: बल चटकन ठरलेल्या उंचीवर जावं आणि तिथेच सपाट राहावं. वाकणारा धातू त्या आयताच्या बराच जवळ जातो.

आता खरी अडचण. शोषकाचं बल ठरलेलं असतं, माणसाचं वजन ठरलेलं नसतं. समजा बादलीसकट सरकणारं वजन ८० किलो धरून शोषक १४.५ जीला लावला. पाय जमिनीवर टेकलेले असतात, त्यामुळे शरीराचा साधारण चार-पंचमांश भारच सीटवर मोजायचा, हेही लक्षात ठेवा. याच सीटवर सरकणारं वजन ५५ किलो असेल तर त्याच बलाने त्या माणसाला २१ जी बसतात. मणक्याच्या दृष्टीने हा धोक्याचा आकडा. उलट ११० किलोला फक्त साडेदहा जी, ऐकायला छान, पण त्याला थांबायला ६२ च्या जागी जवळपास ८८ सेंटीमीटर लागतात. तेवढी जागा नसतेच. सीट खालच्या टोकाला जाऊन आपटते आणि उरलेला वेग एका फटक्यात कण्यावर येतो. हलक्या माणसाला सीट जास्त कडक, जड माणसाला जास्त मऊ.

यावर एक तोड म्हणजे वजनाप्रमाणे बल बदलता येणारा शोषक. सीटच्या बाजूला एक डायल असते, बसणाऱ्याने आपलं पूर्ण सामानासकटचं वजन तिच्यावर लावायचं. कल्पना चांगली आहे, पण माझं मत विचाराल तर माणसाच्या लक्षात राहण्यावर मणका सोपवू नये. घाईत बसलेला वैमानिक आधीच्याच्या आकड्यावर उडतो. वजन आपोआप ओळखून बल ठरवणारी यंत्रणा जड आणि महाग पडते, तरी मी तिच्या बाजूने आहे. सुरुवातीला बल थोडं चढवून, मग खाली आणून, परत वाढवणारा खाचेचा आलेखही वापरात आहे. शरीर एकसंध दगड नसतं, कणा आणि पोट आधी दबतात, मग भार घेतात, याचा तो फायदा उठवतो आणि थोड्या स्ट्रोकमध्ये जास्त ऊर्जा जिरवतो. दुसरीकडे चिलखती जाकीट, हेल्मेट, जीवरक्षक सामान यांमुळे सैनिकाच्या धडावरचं वजन वाढलं आहे. आणि मूळ आकडे मध्यम बांध्याच्या पुरुषावर बेतलेले होते. आज सडपातळ स्त्री वैमानिक त्याच सीटवर बसते, तेव्हा वरचं २१ जीचं गणित कागदावरचं राहत नाही. नवीन सीट तपासताना मी सर्वांत आधी हलक्या डमीचा, म्हणजे चाचणीत बसवायच्या हलक्या पुतळ्याचा, आलेख मागतो.

फोमकडे येतो, कारण हा गैरसमज सर्वांत चिवट आहे.

ड्रॉप टॉवरवर सेकंदाला हजार चित्रं घेणारा कॅमेरा लावलेला असतो. एकदा आम्ही मुद्दाम एकच सीट दोनदा टाकली, पहिल्यांदा पातळ कडक गादी, दुसऱ्यांदा जाड मऊ फोम. दुसऱ्या चित्रफितीत स्पष्ट दिसतं: बादली थांबायला लागली आहे, पण डमी अजून थांबलेलाच नाही. तो फोममधून खाली बुडत चालला आहे, पूर्ण वेगाने, आणि फोम त्याला जवळजवळ अडवतच नाही. मग फोम संपतो. त्या क्षणी बादली हळू झालेली असते आणि डमी अजून वेगात असतो, म्हणजे सीटच त्याला खालून येऊन धडकते. कंबरेतल्या लोडसेलचा, म्हणजे भार मोजणाऱ्या उपकरणाचा, आलेख तोवर जवळजवळ सपाट असतो आणि तिथे एकदम सुळका उठतो. शोषक दोन्ही वेळा सारखाच चालला होता. बिघडवलं ते फोमने. नोकरीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी या दोन फिती शेजारी शेजारी लावून दाखवतो.

म्हणून चांगल्या सीटची बैठक शरीराच्या घडणीप्रमाणे कोरलेली, कडक असते आणि तिच्यावर पातळ, वेगाला प्रतिसाद देणारा फोम असतो. या फोमवर बोट सावकाश दाबा, आत रुतेल. मूठ आपटा, लाकडाला लागल्यासारखी लागेल. चार-पाच तास बसलेल्या वैमानिकाची कंबर दुखते हे अगदी खरं, आणि त्याने घरून उशी आणून सीटवर टाकली तर मी त्याला दोष देत नाही. दोष असलाच तर आरामाचा विचार न करणाऱ्या डिझाइनरचा. पण ती उशी काढून घ्यावीच लागते, आणि त्याला का ते समजावून सांगावं लागतं.

याच प्रकारची दुसरी गोष्ट म्हणजे सीटखालची जागा. बादलीखाली फूटभर पोकळी असते, कित्येक हेलिकॉप्टरांत तिच्यासाठी फरशीत खळगाही केलेला असतो. बघणाऱ्याला ती वाया गेलेली जागा वाटते. एका तपासणीत मी गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला तर हाताला एक घट्ट बांधलेली कॅनव्हासची पिशवी लागली. आत नटबोल्टचे पाने, टॉर्च, एक तेलाचा डबा. गेले कित्येक महिने ती तिथेच असायची, कारण तिथून चटकन हाताला येते. ती पिशवी तिथे असताना हेलिकॉप्टर आपटलं असतं तर ३० सेंटीमीटरचा स्ट्रोक दहावर संपला असता. हेलिकॉप्टरांची देखभाल बघणाऱ्या क्रू चीफला मी ते स्ट्रोकचं गणित फरशीवर खडूने करून दाखवलं. त्याने त्याच दिवशी सगळ्या हेलिकॉप्टरांच्या सीटखालच्या जागा रिकाम्या करून घेतल्या आणि खळग्याच्या कडेला लाल रंगाचा पट्टा ओढला. तेव्हापासून मी कुठल्याही हँगरमध्ये गेलो की आधी सीटखाली हात घालतो.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. मांडीवरचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. तो पोटावर सरकला की माणूस त्याखालून पुढे घसरतो आणि आतले अवयव फाटतात. म्हणून दोन पायांमधून येणारा पाचवा पट्टा, जो खालून बकल जागेवर धरून ठेवतो. नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर बरं, ते कमी ताणतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: सगळे पट्टे, खांद्याच्या रीलसकट, सरकणाऱ्या बादलीलाच बांधलेले हवेत. खांद्याचा पट्टा मागच्या भिंतीला बांधला तर बादली फूटभर खाली जाताना तो ताणला जातो आणि माणसाचं शरीर धरून ठेवतो, म्हणजे स्ट्रोकवरच पाणी. ही चूक मी प्रत्यक्ष ड्रॉइंगवर पाहिली आहे. बादली खाली गेली की डोकं, गुडघे, हातही खाली जातात हेही विसरायचं नाही. सायक्लिक दांडा, म्हणजे वैमानिकाच्या पुढ्यातला नियंत्रणाचा दांडा, आधी छातीसमोर होता, तो आता चेहऱ्यासमोर येतो. त्यामुळे कॉकपिटच्या कडा माणसाच्या बसलेल्या आणि सरकलेल्या, दोन्ही जागांवरून तपासाव्या लागतात.

खऱ्या अपघातात हेलिकॉप्टर सरळ खाली क्वचितच पडतं. पुढचा, बाजूचा वेगही असतो आणि फरशी मुरगळते. म्हणून चाचणीत सीट बसवायचे रूळ आधीच काही अंश पीळ देऊन, काही अंश कलवून ठेवतात आणि मग टाकतात. याच टप्प्यावर बऱ्याच सुंदर दिसणाऱ्या सीट नापास होतात. आमच्याकडची एक सीट सरळ टाकली की आलेख अगदी पुस्तकातला यायचा. तिरकी टाकली आणि ती निम्म्या वाटेवर अडकली. उघडून बघितलं तर एका नळीला किंचित बाक आला होता आणि बेअरिंगने तिच्यावर नखाने ओरबाडावं तसा चकचकीत ओरखडा काढला होता. शोषकाची तार अर्धी न वापरलेलीच होती. नळीची भिंत जाड केली, बेअरिंगमधलं अंतर वाढवलं, तेव्हा ती सुटली. त्या ओरखड्याचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

सैनिकांच्या मागच्या सीट वेगळ्या. त्या छताला टांगलेल्या असतात, वरच तार वाकवणारे शोषक असतात, आणि त्या घडी करून काढता येतात. काढता येतात म्हणूनच काढल्याही जातात, जास्त माणसं मावावीत म्हणून. फरशीवर बसलेल्या सैनिकासाठी आमचं सगळं काम शून्य. हा निर्णय डिझाइनरच्या हातात नसतो. सीट हलकी, काढण्यापेक्षा ठेवणं सोपं वाटेल अशी करणं आमच्या हातात असतं.

आणि सीटने वाचवलेला माणूस आगीत जाऊ नये, म्हणून सहज न फुटणाऱ्या इंधनटाक्या हव्यात. अमेरिकी सैन्याने १९७० पासून त्या बसवायला सुरुवात केली आणि आपटल्यानंतरच्या आगीतले मृत्यू विलक्षण कमी झाले. मोडलेल्या मणक्याच्या माणसाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही, तेव्हा हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत.

नागरी हेलिकॉप्टरसाठी अमेरिकी नियमात १९८९ पासून असलेली चाचणी तुमच्या प्रोजेक्टला जास्त सोयीची पडेल: उभी चाचणी सेकंदाला किमान ९.१ मीटर वेगाची, धक्क्याचा सर्वोच्च आकडा किमान ३० जी, आणि डमीच्या कंबरेतला भार १,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ६.७ किलोन्यूटनच्या आत. संपूर्ण सीट करायला जाऊ नका. एक तार वाकवणारा शोषक बनवा, तीन रूळ आणि पोलादी तार, बस्स. आधी तो यूटीएमवर, म्हणजे ओढून बल मोजणाऱ्या यंत्रावर, सावकाश ओढा, बल आणि अंतर यांचा आलेख काढा. मग वजन टाकून झटक्यात ओढा आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. दुसरा थोडा वर येईल. वेगाने वाकताना पोलाद जास्त बल मागतं आणि पहिल्या क्षणी रूळांनाही फिरायला लावावं लागतं. रूळांचा व्यास बदलत हा फरक किती खाली आणता येतो ते बघा. मग टाकायचं वजन ५५ आणि ११० किलोच्या प्रमाणात बदलून पुन्हा करा. दोन्ही वजनांत किती स्ट्रोक वापरला गेला ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. आलेख तयार झाले की पाठवा, मी नक्की बघेन.